शेंडेनक्षत्रात काय असते?

१९९७ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी मावळतीच्या बाजूला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आमच्या वस्तीतले लोक कामावरून परतले की चौकात उभे राहून तो पाहायचे. म्हाताऱ्या बायांच्या तोंडी धूमकेतू हा शब्द नव्हता. त्या शेंडेनक्षत्र म्हणत. 'शेंडेनक्षत्र निघालं की राजा तरी मरतो, नाहीतर दुष्काळ तरी पडतो', हे त्यांचे ठरलेले वाक्य. पलीकडच्या आळीत पंचांग घेऊन एक गृहस्थ फिरून गेले. पीडा टळावी म्हणून शांतीचे एकावन्न रुपये सांगत होते, आणि हातावर पोट असलेल्या दोन-तीन घरांनी ते दिलेही. आमचा पुतण्या तेव्हा तिसरीत होता. तो सगळ्यांना एकच विचारीत होता, 'पण त्यात असतं काय?' म्हाताऱ्यांना सांगता आले नाही. शांतीवाल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. आणि आम्ही शिकलेले म्हणवणारे, आम्हीही 'बर्फ आणि धूळ' एवढे बोलून मोकळे झालो. 'कशावरून?' हा त्याचा पुढचा प्रश्न. त्यावर मात्र आम्हाला गप्प बसावे लागले.

त्या 'कशावरून'चे उत्तर शोधायला माणसाने एक यंत्र धूमकेतूवरच उतरवले, तो दिवस १२ नोव्हेंबर २०१४. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी ठळक मथळे दिले आणि आठवड्याभरात विषय संपला. आमच्या मते खरी गोष्ट त्या दिवसानंतरचीच आहे, आणि ती आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की भीतीचा धंदा करणारे फक्त आपल्याच देशात असतात असे नाही. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार असे गणित निघाले होते. शेपटीच्या प्रकाशाच्या तपासणीत सायनोजेन नावाचा विषारी वायू सापडला होता. झाले! विज्ञान शिकलेल्या अमेरिकेत धूमकेतूच्या गोळ्या विकल्या गेल्या आणि लोकांनी त्या विकत घेतल्या. शेपटी विरळ असते, त्या विषाचा एक श्वासही कोणाला लागणार नाही, हे सांगणारे शास्त्रज्ञ होते. पण गोळी विकणाऱ्याचा आवाज मोठा असतो. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की वायू सापडला हे खोटे नव्हते. किती सापडला, एवढेच लोकांपासून दडवले गेले.

१९८६ साली युरोपचे ज्योत्तो हे यान हॅलेच्या गाभ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवरून गेले आणि त्याने छायाचित्रे पाठवली. पण जवळून जाणे वेगळे आणि उतरून माती हातात घेणे वेगळे. त्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने रोसेटा मोहीम आखली. २ मार्च २००४ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून यान निघाले. आधी ते विर्तानेन नावाच्या दुसऱ्याच धूमकेतूकडे जायचे होते. डिसेंबर २००२ मध्ये त्याच जातीचे एक रॉकेट निकामी झाल्याने उड्डाण लांबले, ती वेळ टळली आणि नवा धूमकेतू निवडावा लागला. त्याचे नाव ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको. क्लिम चुर्युमोव्ह आणि स्वेतलाना गेरासिमेंको हे सोव्हिएत काळातले दोन संशोधक. सप्टेंबर १९६९ मध्ये अल्मा-आता येथे गेरासिमेंको बाईंनी एका भलत्याच धूमकेतूचे छायाचित्र घेतले. काचेच्या कडेला एक पुसट ठिपका होता. तो तोच ओळखीचा धूमकेतू असेल असे आधी वाटले. पुढे चुर्युमोव्ह यांनी कीव्हमध्ये मोजमाप केले तेव्हा तो असायला हव्या त्या जागेपासून जवळपास दोन अंश दूर निघाला. म्हणजे तो नवाच होता.

सूर्याच्या बाजूला आणि पृथ्वी-मंगळाच्या ओढीने वेग घेत यान दहा वर्षे फिरले. सूर्यापासून फार दूर गेल्यावर पाट्यांना ऊन पुरेना, तेव्हा एकतीस महिने त्याला झोपवून ठेवावे लागले. २० जानेवारी २०१४ रोजी ते जागे झाले आणि ६ ऑगस्टला धूमकेतूपाशी पोचले. तोवर चाळीस कोटी नव्हे, सहाशे चाळीस कोटी किलोमीटरचा प्रवास झाला होता. जवळून पाहिले तर धूमकेतू बटाट्यासारखा नव्हताच. एक मोठा आणि एक लहान असे दोन गोळे मानेने जोडलेले, सगळा मिळून चार-साडेचार किलोमीटरचा, डांबरासारखा काळा.

या यानांची नावे कोठून आली ते पाहण्यासारखे आहे. रोसेटा हे इजिप्तमधल्या रशीद गावचे युरोपीय नाव. तेथे १७९९ साली एक शिळा मिळाली. तिच्यावर एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलेला होता. फिले हे नाईल नदीतले बेट. तेथल्या एका स्तंभावर टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावे ग्रीक आणि चित्रलिपी अशा दोन्हींत होती. या दोहोंच्या आधाराने शांपोल्यों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ साली चित्रलिपीचे कोडे सोडवले. म्हणून मोठ्या यानाला रोसेटा आणि उतरणाऱ्या लँडरला फिले. दुसरे नाव इटलीतील एका पंधरा वर्षांच्या मुलीने सुचवले होते.

पण या फिले बेटाची आणखी एक ओळख आहे. चित्रलिपीत कोरलेला जगातला शेवटचा ज्ञात लेख तेथल्याच देवळाच्या भिंतीवर आहे, इसवी सन ३९४ सालचा. त्या काळापर्यंत ही लिपी वाचणारे उरले होते ते देवळातले पुरोहित. त्यांनी ती बाहेर कोणाला शिकवली नाही. देवळे बंद पडली, पुरोहित गेले आणि त्यांच्याबरोबर तीन हजार वर्षांच्या एका मोठ्या संस्कृतीचे बोलणे बंद झाले. पुढे चौदाशे वर्षे त्या भिंतींकडे लोक नुसते पाहत राहिले. अक्षर मूठभरांच्या हाती ठेवले की त्याचे काय होते, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता उतरण्याची हकीकत. १२ नोव्हेंबरच्या आदल्या रात्रीच कळले होते की फिलेच्या माथ्यावरचा वायूचा झोत चालू होत नाही. उतरताना लँडरने उसळू नये म्हणून त्याला वरून दाबून धरायचे, हे त्या झोताचे काम. धूमकेतूची ओढ इतकी क्षीण, की पृथ्वीवर शंभर किलो भरणारे हे यंत्र तेथे जेमतेम एका ग्रॅमइतके भरत होते. तरीही जायचे ठरले. साडेबावीस किलोमीटरवरून फिले सोडला आणि सात तास तो संथ पडत राहिला. पाय टेकताच दोन हार्पून, म्हणजे दोरी बांधलेले भाले, जमिनीत घुसून त्याला बांधून ठेवणार होते. ते सुटलेच नाहीत. पायातल्या स्क्रूंनाही पकड मिळाली नाही. फिले चेंडूसारखा उसळला आणि सुमारे एक किलोमीटर वर गेला.

तेथून पृथ्वीवर संदेश पोचायला अठ्ठावीस मिनिटे लागत होती. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते तेव्हा जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील नियंत्रण कक्षात टाळ्या पडल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या क्षणी फिले खरे तर जमिनीवर नव्हताच, हवेत तरंगत होता. हवेत म्हणायचे एवढेच, तेथे हवा कसली! वाटेत तो एका कड्याला धडकला, जवळपास दोन तासांनी पुन्हा टेकला, पुन्हा थोडा उडाला आणि शेवटी एका कपारीत कलंडून थांबला. ठरलेल्या जागेपासून तो सुमारे एक किलोमीटर दूर गेला होता.

त्याच संध्याकाळी लँडरच्या प्रमुखांनी पत्रकारांना काय सांगितले? भाले सुटले नाहीत, आणि कदाचित आज आपण एकदा नव्हे तर दोनदा उतरलो असू. जगभरातून अभिनंदन येत असताना, सगळे टाळ्या वाजवत असताना त्यांनी हे सांगितले. कोणी विचारले म्हणून नव्हे. आम्हाला ही संध्याकाळ त्या मोहिमेतली सर्वांत मोठी वाटते.

(त्या दिवसाचा एक डागही सांगून टाकतो. मोहिमेच्या एका प्रमुख शास्त्रज्ञाने तोकड्या कपड्यांतल्या स्त्रियांची चित्रे छापलेला शर्ट घालून मुलाखती दिल्या. ज्या धूमकेतूला एका स्त्री संशोधकाचे नाव आहे, त्याच्यावर उतरण्याच्या दिवशी! जगभरच्या स्त्रियांनी जाब विचारला. दोन दिवसांनी त्याने सर्वांसमोर माफी मागितली, तेव्हा त्याला रडू आवरले नाही. आकाशापर्यंत पोचलेल्यांनाही जमिनीवरचे शिकावे लागते.)

कपारीत ऊन फार थोडे होते. साडेबारा तासांच्या तिथल्या दिवसात जेमतेम दीड तास. साठेक तासांची बॅटरी सोबत होती, तेवढ्यात जे करायचे ते करायचे होते. खिळा ठोकणारे यंत्र पूर्ण ताकदीने चालवले, पण जमीन बर्फासारखी टणक निघाली, खिळा काही मिलिमीटरपलीकडे गेला नाही. ड्रिल खाली गेले आणि वर आले, पण माती भट्टीत पोचल्याचा पुरावा मिळाला नाही. तापमान उणे एकशे त्रेपन्न अंशांच्या आसपास. बॅटरी संपण्याआधी शेवटचे काम म्हणून फिलेला चार सेंटिमीटर वर उचलून पस्तीस अंश फिरवले, मोठी पाटी उन्हाकडे यावी म्हणून. पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे तो गप्प झाला.

मग मिळाले काय? पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. जमिनीला पहिल्यांदा टेकताना जी धूळ उडाली ती फिलेच्या नाकपुड्यांत शिरली, म्हणजे वायू तपासणाऱ्या यंत्रांत. तीत कार्बनची अनेक संयुगे होती. फिरत्या रोसेटावरच्या यंत्राला कुजक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड, तबेल्याचा वास देणारा अमोनिया आणि १९१० च्या गोळीवाल्यांच्या विषाचा भाऊ हायड्रोजन सायनाइड असे वायू सापडले. २०१६ साली जाहीर झाले की तेथे ग्लायसिन आहे आणि फॉस्फरसही. ग्लायसिन हे प्रथिनांच्या घडणीतले एक अमिनो आम्ल, आणि फॉस्फरस आपल्या हाडांत आणि पेशींत. हे जिवंत असण्याचे लक्षण नव्हे, नुसती सामग्री. पण साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्यमाला घडताना जे उरले त्यात ही सामग्री होती. अपशकुन मात्र कोणत्याही यंत्राला सापडला नाही.

फिलेच्या यादीतले एक नाव वाचून आम्ही थबकलो होतो. जुलै २०१५ मध्ये जी सोळा संयुगे जाहीर झाली त्यात मिथिल आयसोसायनेट होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या झोपड्यांवर रात्रीतून पसरला तो हाच वायू. रेल्वे स्टेशनाजवळच्या आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांतली गरीब माणसे झोपेतच मेली. एकच रेणू. आकाशात तो कोणाचे काही बिघडवीत नाही. टाकीत साठवून, थंड ठेवण्याची व्यवस्था बंद करून, शेजारी गरीब राहतात म्हणून बेफिकीर राहिले की तो हजारोंना मारतो. शेंडेनक्षत्राला नावे ठेवणाऱ्यांनी त्या टाकीकडे कधी बोट दाखवले होते का?

पण येथेही हकीकत थांबत नाही. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी फिलेच्या नोंदी रोसेटावरच्या अधिक बारीक यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि लिहिले की मिथिल आयसोसायनेट, आणि यादीतली आणखी दोन संयुगे, यांना दुजोरा मिळत नाही. म्हणजे आम्ही ज्या नावाला थबकलो ते नावच पक्के नव्हते! भोपाळविषयी आम्ही वर लिहिले ते मागे घ्यायचे कारण नाही. धूमकेतूविषयी मात्र घ्यावे लागते, आणि ते मागे घेण्याचे काम मोहिमेशी जोडलेल्या लोकांनीच केले.

पाण्याचेही तसेच. पृथ्वीवरचे समुद्र धूमकेतूंनी आणलेल्या पाण्याने भरले का, हा जुना प्रश्न. डिसेंबर २०१४ मध्ये सांगण्यात आले की या धूमकेतूच्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्राच्या तिपटीहून अधिक आहे, तेव्हा आपले पाणी अशा धूमकेतूंकडून आलेले दिसत नाही. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि धुळीच्या कणांमुळे ते प्रमाण फुगून दिसत होते असे दाखवण्यात आले. प्रश्न पुन्हा उघडा झाला. पंचांगात एखादे भाकीत चुकले तर ते पुढच्या वर्षीच्या पंचांगात दुरुस्त करून छापलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

जून २०१५ मध्ये धूमकेतू सूर्याजवळ येत असताना फिले अचानक बोलला. ९ जुलैनंतर पुन्हा गप्प. त्याची नेमकी जागा कोणाला ठाऊक नव्हती. २ सप्टेंबर २०१६ रोजी, मोहीम संपायला महिनाही उरला नसताना, रोसेटाच्या कॅमेऱ्याला तो कपारीत सापडला, तीन पायांपैकी दोन दिसत होते. ३० सप्टेंबरला रोसेटालाही धूमकेतूवरच टेकवून मोहीम संपवली. आणि २०२० मध्ये फिले दुसऱ्यांदा जेथे आपटला ती जागा मिळाली. तेथे त्याने सुमारे पाव मीटर खोल ठसा उमटवला होता. आतला अब्जावधी वर्षांचा बर्फ मोजला तर दुधावरच्या फेसापेक्षा मऊ. खिळ्याला दाद न देणारा तोच धूमकेतू! एका अपघाताचा हिशेब सहा वर्षे उघडा ठेवला म्हणून हे कळले.

हा सगळा खर्च किती? १४० कोटी युरो, वीस वर्षांत, अनेक देशांनी मिळून. त्यात फिलेचा वाटा २२ कोटी. चळवळीतला आमचा वाचक लगेच विचारील की भुकेल्याला याचा काय उपयोग. प्रश्न योग्यच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्याने हेही पाहावे की ही रक्कम एका आधुनिक पाणबुडीच्या किमतीच्या निम्मी आहे, आणि पाणबुडी घेताना भुकेल्याचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. आमची तक्रार खर्चाबद्दल नाही. खर्चून मिळालेले ज्ञान कोणाच्या घरी जाते, याबद्दल आहे.

या बाबतीत तेथेही सगळे आलबेल नव्हते. रोसेटाच्या मुख्य कॅमेऱ्याची छायाचित्रे संशोधकांच्या गटाने सुरुवातीला महिनोन्महिने स्वतःपाशी ठेवली. आम्ही वर्षानुवर्षे कष्ट केले, आधी आमचे निबंध होऊ द्या, हे त्यांचे म्हणणे. सामान्य लोक, हौशी अभ्यासक आणि इतर शास्त्रज्ञ यांनी जाहीर टीका केली. शेवटी २०१८ च्या जूनपर्यंत सारी, जवळजवळ एक लाख छायाचित्रे कोणालाही पाहता येतील अशी खुली झाली. फिलेच्या बेटावरचे पुरोहित एवढे मोठे मन दाखवू शकले नव्हते.

आपल्याकडे काय घडते? ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम लँडर चंद्रावर कोसळला, २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा विक्रम सुखरूप उतरला. त्या यशाचा आम्हालाही अभिमान आहे. पण पहिल्या पडझडीची चौकशी करणाऱ्या समितीचा संपूर्ण अहवाल जनतेसमोर आला नाही. कारणे तपशिलाने ऐकायला मिळाली ती दुसऱ्या उड्डाणाच्या तोंडावर. आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी शास्त्रज्ञांचे पथक यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. कोणाच्या वैयक्तिक श्रद्धेत आम्हाला पडायचे नाही. पण संविधानाच्या कलम ५१ क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ज्यांच्या हाती देशाची प्रयोगशाळा आहे त्यांनी प्रतिकृती देवळात नेली, तर वस्तीतल्या शाळेच्या बाईंनी पोरांना काय सांगायचे? त्या शाळेत प्रयोगशाळेच्या खोलीला कुलूप असते आणि किल्ली सापडत नाही, हे वेगळेच.

आमचा पुतण्या आता बापमाणूस झाला आहे. मागल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. त्याची मुलगी मोबाइलवर तेच कपारीतले छायाचित्र मोठे करून पाहत होती आणि फिलेचे पाय मोजत होती. तिसरा पाय कुठे, म्हणून तिने विचारले. खडकाआड आहे, सांगितले. मग ते यंत्र आता कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. आजोबा, तुम्ही सांगा, म्हणून पुतण्याने आमच्याकडे बोट केले. या वेळी आम्हाला उत्तर माहीत होते. धूमकेतू साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी घालतो, गुरूच्या पलीकडे जाऊन परत फिरतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो सूर्याजवळून गेला. आता २०२८ मध्ये पुन्हा येईल, आणि फिले त्याच्या कपारीत असेल. 'मग तेव्हा मी किती वर्षांची असेन?' असे विचारून ती बोटांवर मोजायला बसली.